दाराकडे तोंड करून टांगलेलं गलबत

मी एक जुनं गलबत आहे. तीन डोलकाठ्या, सगळी शिडं, नांगर, सुकाणू, दोरांच्या शिड्या, कशात काही कमी नाही. फक्त एक सांगतो, हसू नका मित्रांनो. आजवर माझ्या बुडाला पाण्याचा थेंब लागलेला नाही. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांमागे एक पांढरं चर्च आहे, त्याच्या छताला मी टांगलेलो आहे. माझी लांबी म्हणाल तर उंच माणसाच्या हाताएवढी. पण समुद्रावर गेलेल्या किती गलबतांनी जगाला चार शब्द शिकवले, सांगा बरं? मी शिकवलेत. माझ्याकडे बोट दाखवून उपदेश झाले, लोक हसले, रडले. आणि एका रविवारी मला नुसतं फिरवलं, तर सगळं गाव फिरलं. ते सांगायलाच मी आज तोंड उघडलंय.

मला कोरलं लाउस्टने. तो तरुणपणी मोठ्या जहाजावर सुतार होता. ते जहाज फुटलं आणि हा एका फळीला मिठी मारून किनाऱ्याला लागला. फळी त्याने टाकून दिली नाही, थेट घरी आणली. शेजारी म्हणाले, एवढं ओलं लाकूड ठेवून काय करणार, वाळलं की चुलीत घाल. तो म्हणाला, "जिने मला वाचवलं तिला चुलीत घालू?" लग्न झालं, पहिला हिवाळा आला, आणि त्याने त्या फळीतून मला कोरायला घेतलं. देवाचे आभार मानायची आमच्याकडची रीतच आहे ती. समुद्रातून वाचलेला माणूस चर्चला एक गलबत देतो.

त्याची बायको सिसेल शेजारी बसून माझी शिडं शिवायची. कापड कुठलं, तर तिच्या लग्नातल्या चादरीचं.

"गलबताला शिडं झाली आणि मला एक चादर कमी झाली," ती म्हणायची. "थंडी वाजली की तुझ्या देवाला सांगते."

"सांग की. आपल्या दोघांचा आहे तो," लाउस्ट म्हणायचा, आणि डोकं वर न करता कोरत राहायचा.

दोर तिनेच वळले. तागाचा दोरा डांबरात बुडवून, बोटं काळी करून घेत. माझ्या पोटात समुद्रावरचे गोटे भरले, वजनाला. आणि पाठीवर नाव रंगवलं 'होबेत', म्हणजे आशा. मग चारचौघांदेखत वाजतगाजत मला चर्चमध्ये आणलं आणि तोंड वेदीकडे करून टांगलं. चर्चमधल्या गलबताचं तोंड वेदीकडेच असतं, मित्रांनो. कारण ते घरी येणारं गलबत असतं. जाणारी गलबतं काय, किनाऱ्यावर उभं राहिलं की रोज दिसतात.

त्या वेळी आमचे पाद्री होते ओगोरसाहेब. काय आवाज, काय दाढी, आणि काय त्यांच्या गोष्टी! ते म्हणायचे, "प्रभू येशू स्वतः दृष्टांतांतून बोलायचा. पेरणारा माणूस, हरवलेलं मेंढरू, जाळ्यात सापडलेली मासळी. मग आपण कोण मोठे टिकोजीराव लागून गेलो?" माझ्यावर तर त्यांचा फार जीव. एका रविवारी त्यांनी मला खाली काढलं, सगळ्यांसमोर माझ्या पोटातले गोटे घटकाभर बाहेर काढले आणि पाण्याच्या घंगाळात ठेवल्यासारखं हवेत धरलं. मी लगेच एका अंगावर कललो. "श्रद्धा म्हणजे हे गोटे," ते म्हणाले. "कोणाला दिसत नाहीत. पण वारा सुटला की कळतं कोणाच्या पोटात आहेत आणि कोणाच्या नाहीत." आमचे मच्छीमार एरवी उपदेशात डुलक्या काढणारे. पण त्या दिवशी कोणी खोकलासुद्धा नाही. जन्मभर समुद्रावर काढलेल्या माणसांना आतलं वजन म्हणजे काय, हे का सांगायला हवं? पुढे कितीतरी दिवस किनाऱ्यावर कोणी घाबरला की दुसरा विचारायचा, "गोटे घरी ठेवून आलास काय रे?" असा माझा थाट होता. लांबलांबची माणसं मला बघायला यायची. मी फुगलो नसतो तरच नवल.

पण ओगोरसाहेबांना एक खोड होती. गोष्टीला टोक आणायची त्यांना फार हौस. आणि पेन्सिलीला फार टोक काढलं की लाकूडही तासलं जातं.

एका शरद ऋतूत लाउस्ट एकटाच लहान होडी घेऊन जवळच्या जाळ्यांकडे गेला. शनिवारी दुपारी गेला, कारण आभाळ भरत होतं आणि जाळी वाहून गेली असती तर हिवाळाभर उपाशी. रात्री वारा फिरला. त्याला किनारा गाठता आला नाही. सकाळी, रविवारच्या उपासनेची घंटा वाजत असताना, लोकांनी त्याची होडी पाहिली. किनाऱ्याबाहेर पाण्याखाली वाळूचा बांध आहे, त्यावर मोठी लाट उठली आणि होडी उलटली. चर्चला निघालेले सगळे लोक चांगल्या कपड्यांनिशीच पाण्याकडे धावले. होडी मिळाली. लाउस्ट दुसऱ्या दिवशी मिळाला.

पुढच्या रविवारी ओगोरसाहेब व्यासपीठावर चढले. उपदेशाआधीच त्यांनी क्रेस्टेनला हुकूम दिला होता. क्रेस्टेन म्हणजे आमचा चर्चचा सेवक, घंटा वाजवणारा, मेणबत्त्या लावणारा. हुकूम असा, की गलबत फिरव, तोंड दाराकडे कर. क्रेस्टेनने शिडी लावली आणि मला फिरवलं.

"बघा या गलबताकडे," ओगोरसाहेब म्हणाले. "देवाच्या दिवशी देवाच्या घराकडे पाठ करून हे निघालं आहे. ज्या माणसाने हे कोरलं, तोही असाच निघाला. रविवारी. मासळीसाठी. आणि कुठे पोचला, ते तुम्ही पाहिलंत."

शनिवारचा रविवार झाला, मित्रांनो. एवढंच. पण तेवढ्यावर गोष्ट कशी टोकदार झाली बघा. सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

सिसेल तिसऱ्या बाकावर बसली होती. ती उठली. आमच्याकडे उपदेश चालू असताना कोणी बोलत नाही, आणि उठून तर कोणी कधी जात नाही. ती गेली. पडवीत तिने लाकडी जोडे पायांत घातले आणि फरसबंदीवरून त्यांचा आवाज लांब जाईपर्यंत ओगोरसाहेबांनाही गप्प बसावं लागलं. त्यानंतर तिने चर्चचा उंबरा ओलांडला नाही. आणि मला पुन्हा वेदीकडे कोणी फिरवलं नाही.

वीसेक वर्षं मी दाराकडे बघत होतो. दारातून कोण येतं, कोण नाही, एवढंच माझं काम. बारशाची बाळं आली, नवऱ्या मुली आल्या, शवपेट्या आल्या आणि गेल्या. सिसेल आली नाही. तिच्या मुलीला शाळेत पोरं 'रविवारवाली' म्हणून चिडवायची, शेवटी ती मुलगी लग्न करून लांब निघून गेली. गावातले लोक वाईट नव्हते. सिसेलकडे मासळी घ्यायला जायचे, तिचं छप्पर शाकारून द्यायचे, आजारपणात सूप पाठवायचे. पण त्या एका दिवसाबद्दल कोणी तोंड उघडत नव्हतं. पाद्र्याने सांगितलेली गोष्ट खोटी म्हणायची कोणी? आणि हळूहळू खऱ्याखोट्याची सरमिसळ झाली. मी मात्र जाणून होतो. पण लाकडाच्या गलबताला विचारतं कोण? ओगोरसाहेब म्हातारे झाले, निवृत्त होऊन पुढच्या बाकावर येऊन बसले. माझ्या शिडांवर धूळ साचली, दोर कुजायला लागले, एका डोलकाठीवर कोळ्याने जाळं विणलं. निदान कोणीतरी माझा उपयोग करतंय, असं मी मनाला समजावत होतो.

मग नवे पाद्री आले, विगो लुंद. आतल्या भागातले, शेतकऱ्याचे चिरंजीव, वय कोवळं, कान लाल. मन सोन्यासारखं. पण उपदेश? देवा रे. कागदावरून वाचायचे, आणि कागद संपेपर्यंत निम्मी माणसं घोरायला लागायची. एका रविवारी मेणबत्त्या विझवता विझवता क्रेस्टेन म्हणाला, "पाद्रीसाहेब, रागावू नका. तुमच्या उपदेशाला हाडं आहेत. मांस नाही."

"म्हणजे काय करू?"

"गोष्ट सांगा एखादी. ओगोरसाहेब सांगायचे."

लुंदसाहेबांनी ते मनावर घेतलं. शहरात पाद्र्यांची एक बैठक होती, तिथून ते उड्या मारतच परत आले. कॉफीच्या वेळी कोणीतरी त्यांना एक अफलातून गोष्ट दिली होती. पाद्री लोक गोष्टी अशाच देतात घेतात, बायका विरजण देतात तशा. कोणाच्या दुधाचं, हे विचारायची पद्धत नाही. रिकाम्या चर्चमध्ये उभे राहून ते ती गोष्ट मोठ्याने म्हणून बघायला लागले, आणि पहिल्याच वाक्याला माझ्या पोटातले गोटे हलले. "एका गावात एक मच्छीमार होता..."

आपल्याच गोठ्यातली चोरीला गेलेली गाय बाजारातून विकत आणावी, तसं झालं होतं, मित्रांनो. आणि गाय आता ओळखूही येत नव्हती. वीस वर्षांत ती गोष्ट किती तोंडांतून फिरली असेल, देव जाणे. प्रत्येकाने आपलं थोडं मीठ घातलं होतं. आता त्यातला मच्छीमार दारुडा झाला होता. बायकोला मारत होता. रविवारी घंटा वाजत असताना हसत हसत होडी ढकलत होता आणि म्हणत होता, "देव झोपलाय तोवर मासे आणतो." नाव तेवढं कुठे उरलं नव्हतं.

रविवारी लुंदसाहेबांनी कागद बाजूला ठेवला आणि गोष्ट सांगितली. मोठी रंगवून सांगितली. शेवटी त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्यांना स्वतःचंच काहीतरी सुचलं. "आपल्या या गलबताकडे बघा," ते म्हणाले. "दाराकडे तोंड करून निघालंय. तोही असाच निघाला होता."

बाकांवर एकही माणूस हलला नाही. लुंदसाहेबांना वाटलं, गोष्ट काळजाला भिडली. पुढच्या बाकावर ओगोरसाहेब समाधानाने मान हलवत होते. पाहुण्या आलेल्या दोन बायका रडल्या. उपासना संपली, लुंदसाहेब हस्तांदोलनासाठी दाराशी उभे राहिले, आणि गावातला एक एक माणूस त्यांच्या पुढ्यातून खाली बघत निघून गेला. हात कोणी पुढे केला नाही.

आत क्रेस्टेन एकटाच उभा होता.

"तो दारू पीत नव्हता," तो म्हणाला.

"कोण?"

"तुमच्या गोष्टीतला."

लुंदसाहेब हसले. "क्रेस्टेन, अहो, ती नुसती गोष्ट आहे."

"नुसती गोष्ट कुठे असते, पाद्रीसाहेब? कोणाची तरी असते." क्रेस्टेनने माझ्याकडे बोट केलं. "हे गलबत त्याने कोरलंय. लाउस्ट त्याचं नाव. शिडं बायकोने शिवलीत. ती इथेच राहते, टेकडीच्या अलीकडचं हिरव्या दाराचं घर. आत्तापर्यंत तिला तुमचा उपदेश पोचला असेल. आमच्या गावात वाईट बातमीला पाय लागत नाहीत."

लुंदसाहेब बाकावर बसले. त्यांचे लाल कान पांढरे पडले. मग म्हणाले, "उद्या मी त्यांच्याकडे जातो. हे गलबत खाली काढून द्या. मी एकटा गेलो तर त्या दार लावून घेतील. याला बघून कदाचित नाही लावणार."

सोमवारी मला कवेत घेऊन ते निघाले. वारा असा, की माझी शिडं फुगली आणि पाद्रीसाहेब दोनदा रस्ता सोडून वाळूत गेले. खिडक्यांचे पडदे हलत होते. आणि मित्रांनो, त्या दिवशी मी गलबत झाल्यापासून पहिल्यांदा समुद्र नीट पाहिला. खरं सांगू? चर्चमध्ये जेवढं ऐकलं होतं तेवढा मोठा होता. ओला मात्र फार वाटला.

सिसेल अंगणाच्या आडोशाला बसून लांब दोरीच्या गळांना आमिष लावत होती. केस पांढरे झाले होते. हात तेच, काळे. तिने मला पाहिलं आणि हातातला गळ तसाच राहिला. मग तिने तो लावून पुरा केला.

"गोष्ट छान झाली म्हणे," ती म्हणाली. "दोन बायका रडल्या."

"बाई, मी तुमची क्षमा मागायला आलोय. मला माहीत नव्हतं."

"ते दिसतंच आहे. उभे का? ते गलबत ठेवा त्या पेटीवर आणि कॉफी घ्या, आत चुलीवर आहे. थंडीने मेलात तर माझ्यावर आणखी एक गोष्ट रचतील."

लुंदसाहेब कॉफी घेऊन आले, पण प्याले नाहीत. "मी त्यांना दारुडा म्हणालो. आणि तुम्हाला मारतात असं म्हणालो."

"मारतात?" सिसेलला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "लाउस्ट? अहो, कोंबडी कापायची झाली तरी मला हाक मारून स्वतः गोठ्यामागे जाऊन उभा राहायचा." तिने डोळे मनगटाने पुसले. "तो शनिवारी गेला होता. कोणालाही विचारा. शनिवारी गेला आणि रविवारी येत होता. घंटा ऐकत येत होता. माझ्या नवऱ्याने देवाकडे पाठ केली नव्हती. वीस वर्षं ऐकतेय मी ते."

"मग कोणी बोललं का नाही?"

"व्यासपीठावरून माणूस बोलत असताना बाकांवरून कोण बोलणार? आणि गोष्ट चांगली होती. चांगली गोष्ट मोडायला लोकांच्या जिवावर येतं."

"मी काय करू, सांगा. मी लिहून देतो. घरोघर जाऊन सांगतो."

"घरोघर नको," सिसेल म्हणाली. "उंचावरून बोललं गेलं होतं. माफी माझ्या अंगणात कशाला? जिथून सांगितलं तिथूनच सांगा."

लुंदसाहेबांनी कप खाली ठेवला. "ओगोरसाहेब समोरच बसतात. त्यांच्या हातून बाप्तिस्मा झालेली निम्मी माणसं आहेत गावात. मंडळीच्या समितीत सगळे त्यांचेच. मला इथे राहू देणार नाहीत."

"नाही देणार," सिसेल शांतपणे म्हणाली. "मग तुम्ही दुसऱ्या गावी जाल. लाउस्ट कुठे जाईल?"

लुंदसाहेब उठले. निघताना त्यांनी मला उचलायला हात पुढे केला, तर सिसेल म्हणाली, "ते राहू द्या. त्याचे दोर कुजलेत. रविवारी आणते मी." मग आपणच काय बोलून गेलो हे तिच्या लक्षात आलं, आणि ती आणखी एका गळाला आमिष लावायला लागली.

तो आठवडा मी माझ्या जन्मघरी राहिलो. तिने माझी शिडं धुतली, नवे दोर वळले, कोळ्याला खिडकीतून बाहेर घालवलं. काम करता करता माझ्याशी बोलायची. माझ्याशी म्हणजे कोणाशी, ते तुम्हाला कळलंच असेल. "चादर अजून एक कमीच आहे हो," ती एकदा म्हणाली, आणि सुई थांबवून बराच वेळ माझ्या पाठीवरचं नाव बघत राहिली.

रविवारी घंटेच्याही आधी ती मला घेऊन चर्चमध्ये आली. पडवीत लाकडी जोडे काढले आणि लोकरीच्या मोज्यांनी आत आली. क्रेस्टेन शिडी घेऊन उभा होता. तिला बघून त्याने टोपी काढायला हात वर नेला. चर्चमध्ये ती आधीच काढलेली असते, हे विसरून त्याने डोक्यावरून नुसताच हात फिरवला.

"कोणत्या बाजूला टांगू, सिसेल?"

"होतं तसंच. दाराकडे. फिरवायचं काम माझं नाही."

ती तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. मग गाव आलं. जो तो दारातून आत यायचा, तिला बघायचा आणि चालता चालता थबकायचा. मागचे पुढच्यांवर आदळत होते. ओगोरसाहेब काठी टेकत आले, तिच्याकडे पाहिलं, आणि आपल्या जागी जाऊन ताठ बसले. गीत झालं. लुंदसाहेब व्यासपीठावर चढले. हातात कागद नव्हता. कान लालभडक.

"मागच्या रविवारी मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली," ते म्हणाले. "ती खोटी होती. ज्याची होती त्याला मी ओळखत नव्हतो, आणि मी कोणाला विचारलंही नाही. आज मी विचारतो. लाउस्टची होडी निघाली तो दिवस कोणता? ज्याने पाहिलं असेल त्याने उभं राहावं."

व्यासपीठावरून आजवर पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते, मित्रांनो. पण उत्तरासाठी थांबलेला पाद्री मी पहिल्यांदाच पाहिला. लोकांना कळेना, नजर कुठे ठेवावी. सिसेलचे काळे हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतले होते. कोणीच उठलं नसतं तर? ती पुन्हा जोडे घालून निघून गेली असती, आणि या खेपेला कायमची.

मागून, घंटेच्या दोराजवळून, क्रेस्टेन पुढे आला.

"शनिवार," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "शनिवार होता. दुपार. मीच त्याच्याबरोबर होडी ढकलली. मला पक्कं आठवतंय, कारण माझ्या बायकोने नुकतीच जमीन घासून त्यावर रविवारसाठी पांढरी वाळू पसरली होती, आणि ती मला घरात घेत नव्हती. म्हणून तर मी किनाऱ्यावर भटकत होतो. वाळू शनिवारीच पसरतात."

शनिवारची वाळू म्हटल्यावर सगळ्या बायकांची डोकी वर झाली. त्या गोष्टीत चूक होणं शक्य नव्हतं. बेकरीवाली म्हातारी उठली. "माझ्या दुकानावरून गेला. रविवारची गोड पोळी अर्धी आत्ताच दे म्हणाला. शनिवार." मग एक मच्छीमार उठला, मग त्याचा भाऊ. "शनिवार." "शनिवार." बाकं करकरत होती. तेव्हा लहान असलेलेही उठले, आईबापांकडून ऐकलं होतं म्हणून. शेवटी सगळं चर्च उभं होतं. दोघं बसलेली, सिसेल आणि ओगोरसाहेब.

ओगोरसाहेब काठीवर भार देऊन उठले. "मला रविवार सांगितलं होतं," ते म्हणाले. तो मोठा आवाज कुठे गेला होता, कोणास ठाऊक. "मला कोणीतरी... मी चौकशी केली होती. मला वाटतं."

"नाही साहेब," क्रेस्टेन हळू म्हणाला. "तुम्ही विचारलंच नव्हतं. आणि आम्ही सांगितलं नाही."

वीस वर्षं सांगून सांगून त्यांची ती गोष्ट त्यांना पाठ झाली होती, खरी झाली होती. आता ती त्यांच्या हातून सुटत होती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण माझ्या पोटातून काढलेले गोटे हातावर घेऊन उभे असलेले तेच ओगोरसाहेब मला आठवले, आणि माझं मन भरून आलं.

"तर मग खरी गोष्ट ऐका," लुंदसाहेब वरून म्हणाले. "एक मच्छीमार शनिवारी गेला आणि रात्रभर वाऱ्याशी झगडत राहिला. सकाळी त्याने आपल्या चर्चची घंटा ऐकली आणि तो तिच्या रोखाने निघाला. होडी उलटली तेव्हा तिचं तोंड किनाऱ्याकडे होतं. तो जात नव्हता. तो येत होता. क्रेस्टेन, शिडी लावा."

शिडी लागली. जुनी शिडी, डगमगणारी. क्रेस्टेन चढायला लागला आणि ती सरकली. तेवढ्यात ओगोरसाहेब काठी बाकाला टेकवून पुढे झाले. सगळ्यांना वाटलं, ते निघाले. ते आले शिडीपाशी आणि दोन्ही हातांनी तिला धरून उभे राहिले.

तिसऱ्या बाकावरून सिसेलचा आवाज आला. "नीट धरा हो. क्रेस्टेन पूर्वीसारखा हलका राहिलेला नाही."

कोणीतरी हसलं, आणि मग सगळं चर्च हसलं, डोळे पुसत हसलं. क्रेस्टेनने मला धरलं. त्याच हातांनी फिरवलं होतं मला, तेच हात परत फिरवत होते. दार हळूहळू बाजूला गेलं, मग खिडक्या, मग भिंत, आणि वीस वर्षांनी मला वेदी दिसली. माझी धुतलेली शिडं खिडकीतल्या उजेडात पांढरी झाली होती. खाली गीत सुरू झालं. ऑर्गनवाल्याची वाट कोणी पाहिली नाही. असलं गाणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि सगळ्यांत मोठा आवाज सिसेलचा होता. बेसूर होती ती, पण अडवणार कोण?

लुंदसाहेबांना कोणी हाकललं नाही. उलट त्यांना जावई करून घ्यायला गावात चढाओढ लागली. ओगोरसाहेबांनी पुढचा उन्हाळा घोडागाडीत घालवला. ज्या ज्या गावच्या पाद्र्याने ती गोष्ट सांगितली असेल, त्याच्याकडे जाऊन ते म्हणायचे, "ती परत द्या, माझ्या दुकानातला खोटा माल आहे तो." आणि मग खरी गोष्ट सांगायचे. ती जास्त चांगली होती. तीही फिरली, आणि फिरत फिरत समुद्रकाठच्या कितीतरी घरांत पोचली, जिथे एखादी बाई खिडकीशी बसलेली असते. "तो येत होता," एवढं एक वाक्य त्या बायकांना पुरायचं.

आता ती सगळी माणसं चर्चच्या अंगणात झोपली आहेत. सिसेल लाउस्टच्या शेजारी आहे, चादर आता दोघांना एकच. मी अजून टांगलेलो आहे. पोरं येतात आणि विचारतात, हे खोटं गलबत इथे कशाला?

तर मित्रांनो, गोष्टी सांगा. भरपूर सांगा, हसवा, रडवा. गोष्टीशिवाय उपदेश म्हणजे वाऱ्याशिवाय शीड. पण ज्याची गोष्ट आहे, त्याचं दार आधी वाजवा. तो नसला तर त्याच्या माणसांना विचारा, दिवस कोणता होता. आणि वर्षातून एकदा माझ्या दोरांना हात लावून बघत जा, कुजले तर लवकर वळा. माझी आता दाराकडे पाठ आहे, त्यामुळे कोण आलं ते मला दिसत नाही. पण रविवारी पडवीत जोडे काढल्याचा आवाज होतो, आणि घरी कोणीतरी येतंय हे मला कळतं.